जुनी कचेरी पाडू नका म्हणतोय, पण त्यात आहे काय? (वाचक विचारतात)

मागच्या अंकात जुन्या वाड्यांवर लिहिलं तर सातारा-सांगलीकडून सरकारी इमारतींवरचेच प्रश्न जास्त आले. कचेऱ्या, चावड्या, जुन्या शाळा. त्यातले पाच घेतलेत, गावांची नावं मुद्दाम गाळलीत. पहिल्याचं उत्तर लांबलंय, इलाज नाही.

प्रश्न : नमस्कार सर, आमचं सातारा जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. गावाच्या मधोमध जुनी मामलेदार कचेरी आहे, काळ्या दगडाची, वर मंगलोरी कौलं, पुढं लांबलचक व्हरांडा, मागं सबजेल. तहसील ऑफिस बायपासजवळ नव्या प्रशासकीय इमारतीत गेलं तेव्हापासून ही रिकामी पडलीय आणि आता कानावर येतंय की निर्लेखन करून (म्हणजे सरकारी यादीतून काढून, पाडायला मोकळी करून) तिथं शॉपिंग कॉम्प्लेक्स काढणार. आम्ही पाच-सहा जण म्हणतोय पाडू नका तर लोकं उलट विचारतात की त्यात आहे काय, ना तिथं कुठला राजा राहिला ना लढाई झाली, नुसतं सरकारी ऑफिस. आम्हाला नीट उत्तर देता येत नाही. आणि 100 वर्षं झाली की इमारत आपोआप हेरिटेज होते ना?

उत्तर : शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो कारण सगळ्यात मोठा गैरसमज तिथंच आहे. नाही, 100 वर्षं झाली म्हणून आपोआप काहीच होत नाही. केंद्राचा 1958 चा कायदा आहे, महाराष्ट्राचा 1960 चा आहे, केंद्राच्या कायद्यात 100 वर्षांची अट आहे, पण ती नुसती पात्रता झाली. सरकारनं आधी प्राथमिक अधिसूचना काढायची, हरकती मागवायच्या, मग अंतिम अधिसूचना, तेव्हा कुठं ते संरक्षित स्मारक होतं. हे झालेलं नसेल तर तुमची कचेरी 130 वर्षांची असली तरी कायद्याच्या नजरेत ती सार्वजनिक बांधकाम विभागाच्या रजिस्टरमधली एक जुनी इमारत, बस्स. आणि खरं सांगायचं तर राज्याचं पुरातत्त्व खातं तालुक्याच्या कचेरीला स्मारक करेल याची फार आशा धरू नका, त्यांच्यापुढं गडकिल्ले, लेणी आणि देवळंच इतकी आहेत.

तिसरा रस्ता आहे तो लोकांना माहीत नसतो. 1966 चा नगररचनेचा कायदा, ज्याला सगळे एमआरटीपी म्हणतात, त्यात वारसा इमारत ही गोष्ट आहे आणि 2020 च्या डिसेंबरपासून मुंबई सोडून जवळपास सगळ्या राज्याला जी एकच विकास नियंत्रण नियमावली लागू झाली, तिच्यातही वारसा इमारतींचं प्रकरण आहे. यात गावाची यादी करायची असते आणि श्रेणी असतात तीन. पहिली देशपातळीच्या महत्त्वाची, तिला हातच लावायचा नाही म्हटलं तरी चालेल, दुसरी त्या भागासाठी महत्त्वाची, तिसरी गावाच्या तोंडवळ्यासाठी आणि लोकांच्या जगण्यासाठी महत्त्वाची. तुमची कचेरी दुसऱ्या नाहीतर तिसऱ्या श्रेणीत आरामात बसते. राजा राहिलेला असायची गरज नाही, लढाईचीही नाही.

आता 'त्यात आहे काय' याचं उत्तर. तुम्ही एकदा त्या पाच-सहा जणांबरोबर इमारतीत नीट फिरा, भिंतींपेक्षा खोल्यांकडं बघा. मधे मोठा हॉल असेल आणि त्याच्या एका टोकाला फूटभर उंच चौथरा, तिथं मामलेदार बसायचा. त्याला लागून एक खोली अशी असणार की खिडकीच नाही, असलीच तर वर छताजवळ झरोका आणि त्याला जाड गज, ती तिजोरी. तिजोरीच्या दारावर नजर राहील अशा बेतानं गार्डाची खोली. मागं सबजेल, आणि कुठंतरी कोपऱ्यात दप्तराची खोली. सारा गोळा करणारा, पैसा सांभाळणारा, किरकोळ गुन्ह्यात शिक्षा सुनावणारा आणि शिक्षा भोगायला लावणारा, सगळे एका छपराखाली, आणि वर माणूस एकच. आज तहसीलदार वेगळा, न्यायाधीश वेगळा, ट्रेझरी वेगळी, तुरुंग वेगळा. 1848 ला सातारचं राज्य खालसा झाल्यावर इथं इंग्रजी राज्य कसं चालायचं हे पुस्तकात चार पानं वाचून जेवढं कळत नाही तेवढं त्या कचेरीत तिजोरी ते सबजेल चालत गेलं की कळतं. मला विचाराल तर हेच तिचं पहिलं मोल, देखणेपणा नंतर. बऱ्याच कचेऱ्या देखण्या नाहीतच, उगीच कशाला खोटं बोला, इंजिनियरनं ठरलेला नकाशा काढला आणि तालुक्या-तालुक्याला थोडाफार फेरफार करून बांधला.

मग व्हरांडा. हॉल साहेबाचा, व्हरांडा लोकांचा. अर्ज लिहून देणारे, स्टॅम्प व्हेंडर, बॉण्ड रायटर, तारखेला आलेले पक्षकार, भाकरी बांधून आणलेल्या बायका, सगळं तालुक्याचं जग तिथं बसलेलं असायचं. गावात साठीच्या पुढचं कुणीही गाठा, त्याची त्या व्हरांड्यातली एक तरी गोष्ट असते, जमीन नावावर झाली नाहीतर गेली याची. ती गोळा करा, मोबाईलवर रेकॉर्ड करा, यादीच्या अर्जाला जोडायला याच्याइतकं भक्कम काही नाही कारण तिसऱ्या श्रेणीत बघतात ते हेच.

आणि कागद. 2023 ला न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या कामासाठी जेव्हा जुन्या कुणबी नोंदी शोधायला सुरुवात झाली तेव्हा राज्यभर तहसील, भूमी अभिलेख, शाळा, जिथं तिथं मोडीतली दप्तरं बाहेर निघाली, मोडी वाचणाऱ्यांना एकदम भाव आला, आणि पणजोबाचा जन्म-मृत्यू ज्या रुमालात बांधलाय तो रुमाल इतकी वर्षं कुणी सांभाळला असा प्रश्न घरोघरी पडला. उत्तर आहे त्या कोपऱ्यातल्या खोलीनं सांभाळला. जाड भिंत, उंच छत, खेळती हवा, त्यामुळं आत फार उकाडा नाही आणि ओलही कमी. म्हणून इमारत रिकामी झाली म्हणजे आत काय काय राहिलंय ते आधी बघा. ऑफिस हलवताना चालू फायली नेतात, जुनं दप्तर पोत्यात भरून कुठंतरी पडतं, आणि इमारत पाडायच्या दिवशी ते कुणाच्याच लक्षात नसतं.

सातारकरांना याचं उदाहरण लांब शोधायला नको. राजवाड्यात भरणारं आत्ताचं प्रतापसिंह हायस्कूल, तेव्हाची सरकारी इंग्रजी शाळा. तिथं 7 नोव्हेंबर 1900 ला एका मुलाचं नाव घातलं, रजिस्टरला 1914 नंबरवर नोंद आहे, भिवा रामजी आंबेडकर. ते रजिस्टर जपलं म्हणून आज तो दिवस राज्यात विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात. नोंद लिहिणाऱ्या कारकुनाला काय माहीत आपण काय लिहितोय. तुमच्या कचेरीच्या दप्तरात काय आहे हे अजून कुणी बघितलेलंच नाहीय.

आता करायचं काय, आणि हे लवकर करा कारण निर्लेखन मंजूर झालं की बोलायला जागा उरत नाही. सगळ्यात आधी माहिती अधिकारात अर्ज टाका, 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून, सार्वजनिक बांधकामच्या उपविभागाला. निर्लेखनाचा प्रस्ताव आहे का, असेल तर त्याची प्रत, स्ट्रक्चरल ऑडिट झालंय का, कुणी केलं, त्याचा पूर्ण अहवाल, आणि इमारत रजिस्टरमधली नोंद ज्यात बांधल्याचं साल असतं. 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं. ऑडिट हातात आलं की शांतपणे वाचा. आपल्याकडं गंमत अशी की स्लॅबच्या इमारतीचा फॉर्म घेऊन दगडी इमारत तपासतात, 'आरसीसी कॉलम नाहीत, आयुर्मान संपले' असा शेरा मारतात आणि झालं. अहो कॉलम कधी नव्हतेच, भिंतच भार घेते. पाया खचलाय का, भिंत फुगलीय का, कोपऱ्यात उभ्या भेगा आहेत का, कैचीची (छपराच्या लाकडी सांगाड्याची) टोकं भिंतीत जिथं बसतात तिथं कुजलीत का, हे बघितलं असेल तर ते ऑडिट. नसेल तर जुन्या दगडी बांधकामाची जाण असलेल्या माणसाकडून दुसरं करून घ्या.

आपल्या भागात अजून एक विचारायलाच पाहिजे. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटेचा कोयनेचा भूकंप या इमारतीनं बघितलाय, त्यात काय झालं होतं, दुरुस्ती झाली होती का. उभी राहिली म्हणून ती अभेद्य आहे असं नाही, पण मातीत रचलेल्या भिंती त्या दिवशी ढासळल्या आणि चुन्यात बांधलेल्या, आरपार जोडदगड घातलेल्या बऱ्याचशा टिकल्या, तेव्हा तुमची भिंत कशात आहे हे एका ठिकाणी दरज उकरून बघता येतं.

दुसरं, नगरपालिकेच्या मुख्याधिकाऱ्यांना लेखी अर्ज की ही इमारत शहराच्या वारसा यादीत घ्या, आणि प्रत जिल्हाधिकारी आणि नगररचनाच्या सहायक संचालकांना. गावाची विकास योजना सुधारायचं काम चालू असेल तर उत्तमच, ती प्रसिद्ध झाली की हरकती-सूचनांना 30 दिवस मिळतात, तेव्हा पाच-सहा नको, पाचशे सह्यांनी सूचना जाऊ दे. योजना आधीच मंजूर असली तरी त्याच एमआरटीपीच्या कलम 37 खाली फेरबदल करता येतो. अर्जाला फोटो, मापं घेऊन काढलेला नकाशा आणि त्या आठवणी जोडा. नकाशासाठी जवळच्या आर्किटेक्चर कॉलेजच्या सरांना भेटा, मुलांना मोजमापाचं काम असतंच, फुकटात होईल, चहा-नाश्ता तेवढा तुमच्याकडं.

आणि कॉम्प्लेक्सचं म्हणाल तर तुमच्या गावात आधीचं जे कॉम्प्लेक्स आहे त्याच्या वरच्या मजल्यावरचे किती गाळे गेलेत ते बघून या आणि तो आकडा मीटिंगमध्ये मांडा. मी एवढंच म्हणतो.

प्रश्न : तुमचा मान राखून विचारतो. माझे आजोबा 42 च्या चळवळीत भूमिगत होते. ज्या कचेरीनं शेतकऱ्याच्या मानेवर पाय देऊन सारा वसूल केला, जिच्या कोठडीत आमची माणसं डांबली ती गुलामीची खूण आम्ही वारसा म्हणून का जपायची? पाडली तर बरंच. (सांगली जिल्हा)

उत्तर : तुमच्या आजोबांना आधी नमस्कार. प्रश्न रास्त आहे, आणि इंग्रजांनी काय छान बांधलं असं म्हणत त्याला उडवून लावणारे जे असतात त्यांच्यातला मी नाही.

पण 1942 च्या ऑगस्ट-सप्टेंबरात या दोन जिल्ह्यांत काय झालं ते क्रमानं बघा. जिल्हे तेव्हा दोन नव्हतेच, एकच सातारा होता, 1949 ला दक्षिण सातारा वेगळा झाला आणि 1960 ला त्याचं नाव सांगली पडलं. 24 ऑगस्टला कराडला मोर्चा, 29 ला पाटणला, 3 सप्टेंबरला तासगावला, 9 सप्टेंबरला वडूजला, 10 ला इस्लामपूरला. हे मोर्चे कुठं गेले? बाजारात नाही, देवळावर नाही, प्रत्येक वेळी तालुक्याच्या मामलेदार कचेरीवर. कारण शेतकऱ्याला सरकार म्हणून जे डोळ्यांनी दिसत होतं ते एवढंच होतं, मुंबईचा गव्हर्नर त्यानं कधी बघितला नव्हता. तासगावला कचेरीवर तिरंगा चढला. वडूजला गोळीबार झाला, हातात झेंडा घेतलेले परशुराम घार्गे पडले, वडूजचे ते हुतात्मे म्हणून आपण ज्यांची नावं घेतो ते सगळे त्या मोर्चातले. दुसऱ्याच दिवशी इस्लामपूरला मोर्चावरच्या गोळीबारात पंड्या आणि बारपटे हुतात्मा झाले. आदल्या दिवशी वडूजला गोळ्या चाललेल्या असताना लोकं दुसऱ्या दिवशी परत कचेरीवर चालून जातात, हे नुसतं वाचून सोडून द्यायचं नाही.

आता मला सांगा, ही जागा कुणाची झाली, सारा वसूल करणाऱ्याची की तिच्यावर चालून गेलेल्यांची? हुतात्मा स्मारक आपण बांधलं, दरवर्षी फुलं वाहतो, ते योग्यच. पण मोर्चा कुठून आला, कुठल्या फाटकाशी अडला, पोलीस कुठं उभे होते, हे नातवाला दाखवायचं तर कचेरी तिथं पाहिजे. ती पाडून गाळे काढले की पुढच्या पोराला सांगायचं काय, मोबाईलच्या दुकानाच्या जागी आपले लोक लढले?

भूमिगतांनी पुढं चावड्या जाळल्या, डाकबंगले जाळले, हेही खरं, तुम्ही तो मुद्दा काढणार हे मला माहीत आहे. जाळल्या तेव्हा त्या शत्रूच्या होत्या. 47 च्या ऑगस्टनंतर त्याच कचेऱ्यांत आपला माणूस बसला, तिथंच आपण झेंडावंदनं केली, कुळकायद्यानं जमीन कुळाच्या नावावर झाली त्याचे दावे तिथंच चालले. तुमच्या घरची जमीन तशी असेल तर तीही तिथलीच. कोठडी तशीच ठेवा, तिच्या भिंतीवर आत कोण कोण होतं त्यांची नावं लावा, वाटलं तर सारावसुलीचे आकडेही लावा. जपायचं म्हणजे आरती ओवाळायची असं कुणी सांगितलं.

आणि सरकारी जागा म्हटली की सगळंच जुलमाचं असतं असंही नाही. तुमच्याच जिल्ह्यात आटपाडीला स्वतंत्रपूर आहे, औंध संस्थानानं 1939 च्या सुमारास वसवलेली कैद्यांची खुली वसाहत, भिंत नाही, कुलूप नाही, कैदी शेती करणार. त्याच वर्षी औंधच्या राजांनी गांधीजींच्या सल्ल्यानं राज्यकारभारच गावांच्या हातात दिला होता. स्वतंत्रपूरला बघायला गेलात तर बांधकाम म्हणून काही नाही, साध्या खोल्या. पण महाराष्ट्रातल्या सरकारी जागांची यादी मला करायला सांगितली तर मी ती पहिल्या पाचात घालीन.

प्रश्न : आमचं घर जुन्या कचेरीच्या कंपाउंडला लागून. ती हेरिटेज झाली तर 100 मीटरमध्ये बांधकाम बंद होतं म्हणतात. आम्हाला मजला चढवायचाय, आम्ही विरोध करणार.

उत्तर : 100 मीटर प्रतिबंधित आणि त्यापुढं 200 मीटर नियंत्रित हा नियम केंद्राच्या संरक्षित स्मारकांना आहे, 2010 च्या दुरुस्तीनं कायद्यात आलेला. गावाच्या वारसा यादीतल्या इमारतीला तो लागत नाही. यादीत इमारत एकटी येते की आजूबाजूचा परिसरही घेतात एवढं मात्र नगरपालिकेत बघून घ्या, परिसर घेतला तर उंचीवर वगैरे अटी येऊ शकतात. हरकतीच्या मुदतीत 'परिसर घेऊ नये' अशी सूचना तुम्ही देऊ शकता. त्यासाठी कचेरी पाडायला पाठिंबा द्यायची गरज नाही.

प्रश्न : आम्ही सांगलीत गावभागाजवळ राहतो. आमच्याकडं एक जुनी दगडी सरकारी इमारत 2019 च्या पुरात आठवडाभर पाण्यात होती, 21 ला परत पाणी लागलं. आता दुरुस्तीचं काम निघालंय आणि ठेकेदार म्हणतो सगळा जुना चुना उकरून सिमेंटचं वॉटरप्रूफ प्लास्टर मारतो, दहा वर्षं बघायला नको. ऑफिसमधल्या लोकांनाही तेच पटलंय. ओल तर आहेच, खालचे चार फूट पापुद्रे सुटलेत. काय सांगायचं त्यांना?

उत्तर : त्यांना सांगा की नका करू, आणि हे जितक्या जोरात सांगता येईल तितक्या जोरात सांगा.

2019 ला कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी 57 फुटांवर गेलं होतं, धोक्याची पातळी 45. दोन-अडीच फूट जाडीची दगडी भिंत तेवढं पाणी पिऊन बसली म्हणजे ती वाळायला महिने नाही, वर्षं लागतात. चुन्याच्या दरजांतून ते पाणी हळूहळू बाहेर येतं, हवेत जातं, येताना क्षार घेऊन येतं आणि वरचे पापुद्रे सुटतात. दिसायला वाईट, पण भिंत वाळतेय याचीच ती खूण. यावर तुम्ही सिमेंट मारलंत तर बाहेर यायची वाट बंद, मग पाणी भिंतीतच वर चढतं, चार फुटांचं सहा फुटांवर जातं, आणि सिमेंटच्या मागं चुना भुसभुशीत होतो. पाच वर्षांनी प्लास्टर थाळीसारखं सुटून पडतं तेव्हा त्याच्याबरोबर दगडाची कपचीही येते. ठेकेदाराचं बिल तोवर निघालेलं असतं. आतून टाइल लावणं आणि ऑइलपेंट, तोच प्रकार.

करायचं असं की सुटलेले पापुद्रे हलक्या हातानं काढून भिंत उघडी ठेवायची, निदान एक उन्हाळा पूर्ण. खिडक्या उघड्या ठेवायच्या, फायलींची कपाटं भिंतीपासून हातभर पुढं ओढायची. भिंतीच्या बाहेर बुडाशी काँक्रीट किंवा पेव्हर ब्लॉक घातले असतील (असणारच, सगळीकडं घातलेत) तर भिंतीलगतची पट्टी काढून तिथं खडी भरायची म्हणजे जमीनही श्वास घेईल. मग दरजा चुन्यातच भरायच्या. चुना पोत्यातला आणून त्याच दिवशी लावायचा नाही, भिजवून मुरवायचा, वाळू आणि सुरकी (विटांची भुकटी) घालून चांगला घोटायचा, चुना मळायची घाणी मिळाली तर घाणीत. यावर हात बसलेले गवंडी अजून आहेत, वाईकडं देवळांच्या आणि घाटांच्या कामावर चौकशी करा. महाग पडतं का तर हो, थोडं पडतं, मजुरी जास्त आणि वेळ जास्त. पण टेंडरमध्ये पहिल्यापासून चुन्याचा आयटम लिहून घेतला तरच होतं, काम सुरू झाल्यावर ठेकेदाराशी भांडून काही उपयोग नाही, तो टेंडर दाखवतो.

छपराचंही बघून घ्या. पुराचं नाव सगळे घेतात, पण अशा इमारतींचं निम्मं नुकसान वरून होतं. कोनाची कौलं सरकलेली, पन्हळीत पाला तुंबलेला, भिंतीत पिंपळाचं रोप, आणि मागच्या बाजूला नंतर चिकटवलेला संडास ज्याचा पाइप गळतो. याला टेंडर लागत नाही, पावसाळ्याआधी एक माणूस शिडी घेऊन वर चढला पाहिजे. पिंपळ नुसता छाटू नका, तो दुप्पट जोमानं येतो, मूळ मारावं लागतं.

प्रश्न : आमच्याकडं नगरपालिका कचेरी ठेवायला कशीबशी तयार झाली, पण 'म्युझियम करू' म्हणतात. हे बरोबर आहे का? (सातारा जिल्हा)

उत्तर : तयार झाले यातच निम्मं जिंकलात, अभिनंदन. पण म्युझियमला माझा हात आखडतो. औंधचं भवानी संग्रहालय बघा, 1938 पासून आहे, पण त्यामागं एका राजानं आयुष्यभर जमवलेली चित्रं आणि वस्तू होत्या आणि दाखवायला काय हे आधी होतं, इमारत नंतर. तालुक्याच्या गावात उलटं होतं, इमारत आहे म्हणून म्युझियम, मग दोन तलवारी, एक जातं, चार फोटो, उद्घाटनाची कोनशिला आणि पुढच्या वर्षी कुलूप. कुलूप लागलेली जुनी इमारत रोज वापरातल्या इमारतीपेक्षा लवकर मरते, गळती कुणाला दिसतच नाही ना.

सातारच्या राजवाड्यात वर्षानुवर्षं कोर्ट भरायचं. त्याबद्दल तक्रारी पुष्कळ होत्या, दाटी व्हायची, वायरी लोंबायच्या, पण रोज हजार माणसं येत-जात होती आणि कौल सरकलं तर दुसऱ्या दिवशी बोंब व्हायची. कोर्ट गेल्यावर राजवाड्याची कशी हेळसांड झाली ते सातारकरांना मी वेगळं सांगायला नको.

म्हणून माझं म्हणणं, कचेरीला कामच द्या. नवी इमारत गावाबाहेर गेल्यामुळं निराधारच्या पगारासाठी हयातीचा दाखला द्यायला जाणाऱ्या म्हातारीला रिक्षाला जाऊन-येऊन किती पडतात ते विचारा. सेतू केंद्र, दाखले, स्टॅम्प व्हेंडर, हे परत त्या व्हरांड्यात आणा. हॉलमध्ये स्पर्धा परीक्षेच्या पोरांची अभ्यासिका करा, उंच छत आहे, पंख्याशिवाय बसता येतं. तिजोरीच्या खोलीत मोडी दप्तर ठेवा, स्कॅन करायचं काम तिथंच चालू दे. आणि सबजेलची एक कोठडी, फार तर एक, तेवढी बघायला ठेवा 42 ची नावं लावून. वायरिंग करताना दगड फोडून पट्ट्या मारू देऊ नका, वायर वरून पाइपमधून न्या, संडास मुख्य भिंतीपासून सुटा बांधा, आणि मूळ हॉलमध्ये प्लायवूडच्या केबिनी टाकायला आले तर त्या जमिनीवर टेकवलेल्या असू देत, भिंतीत खिळा नको. पैशासाठी आमदारांकडं जायच्या आधी जिल्हा नियोजन समितीच्या बैठकीची तारीख काढा आणि अंदाजपत्रक हातात घेऊन जा. नुसता अर्ज घेऊन गेलात तर 'बघू' एवढंच उत्तर मिळतं.